दौंडच्या सभेतला ठराव

मी देशात-परदेशात पुष्कळ व्याख्यानं दिली आहेत आणि त्यातली बहुतेक ऐकणाऱ्यांच्या आधी मीच विसरले आहे. शिरूर-दौंडचा हा छोटा दौरा मात्र डोक्यातून जाईना, म्हणून परत आल्यावर लिहून काढते आहे. पुण्याहून एसटीने दोन-अडीच तासांत पोचता येतं अशा गावांचं कसलं प्रवासवर्णन, असं कुणाला वाटलं तर माझी तक्रार नाही. निघताना मलाही तसंच वाटत होतं.

आधी माझा धंदा सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. अमेरिकेत जमिनीखाली एक मोठा थोरला गोल बोगदा आहे. त्यात कणांचे झोत समोरासमोर आणून आदळवतात आणि त्या टकरींतून जे बाहेर उडतं ते आम्ही काहीशे माणसं तपासत बसतो. एक सिद्धांत असा आहे, की आपल्याला ठाऊक असलेल्या प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असला पाहिजे. त्याला सुपरसिमेट्री म्हणतात. हे जोडीदार अजून कुणी पाहिलेले नाहीत. ते निर्माण झालेच, तर लगेच फुटत जातील आणि त्यांच्यातला शेवटचा उरलेला आमच्या यंत्रातून मुकाट निघून जाईल आणि जाताना ऊर्जा घेऊन जाईल. मग आम्ही सगळं मोजून काढलं की एका बाजूला ऊर्जा कमी भरेल. काहीतरी कमी भरणं हाच त्याचा पुरावा, आणि मी मुंबईत राहून पोटासाठी ही तूट शोधते.

आठ वर्षांपूर्वी आम्हाला अशी एक टक्कर दिसली होती. एका बाजूला दोन लखलखीत प्रकाशकण, दुसऱ्या बाजूला मोठी तूट. एका टकरीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावते. स्वतः मात्र त्या एकीवर जीव लावून बसले होते. मधल्या काळात यंत्र सुधारलं, झोत वाढले, कितीतरी पटीने टकरी जमल्या. ती पहिली खरी असेल तर आता तशा दहाएक तरी सापडायला हव्या होत्या. त्या सापडल्या की नाही, हे ज्या आठवड्यात कळायचं होतं, त्याच आठवड्यात मी शिरूर आणि दौंडला जायचं कबूल करून बसले होते. निकालाची तारीख दोनदा पुढे गेली होती आणि व्याख्यानांची ठरून वर्ष झालं होतं. शिवाय खरं सांगायचं तर मुंबईत खोलीत बसून वाट बघण्याची माझ्यात हिंमत नव्हती.

सणसवाडी, कारेगाव

एसटीने सणसवाडीपाशी मान टाकली. कंडक्टरने खाली उतरून इंजिनाकडे पाहिलं, ड्रायव्हरने कंडक्टरकडे पाहिलं, आणि दोघं चहा प्यायला गेले. मीही गेले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने आणि त्यांच्यामागे खोल्यांच्या चाळी. 'रूम भाड्याने' हे शब्द एकाच पाटीवर मराठीत आणि हिंदीत. टपरीवर पहिली पाळी संपवून आलेली माणसं उभी होती, बिहारची, उत्तर प्रदेशची, काही लातूर-नांदेडची. तो चेहरा मी ओळखते. आमच्याकडेही यंत्र चोवीस तास चालतं आणि पाळीवरून उठलेला माणूस कुठल्याही देशाचा असो, असाच कपाकडे बघत उभा असतो. एकाने मला अदबीने विचारलं, "मैडम, आप कौन सी कंपनी में हो?" मी सांगितलं की आम्ही अगदी बारीक बारीक वस्तू एकमेकींवर आदळून फोडतो. तो म्हणाला, "स्क्रैप का काम है।" मला यात दुरुस्त करण्यासारखं काही दिसलं नाही.

टपरीवरून फोन केल्यावर मला तिथून मुलाणी सरांनी उचललं. शब्बीर मुलाणी शिरूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांनीच वर्षभर पत्रं आणि फोन करून मला पटवलं होतं. पस्तिशीचा, सडपातळ, सतत कशाची तरी माफी मागणारा माणूस. बस बंद पडल्याबद्दलही त्यांनी माफी मागितली. मेहुण्याची ओम्नी मागून आणली होती, तिचा मागचा दरवाजा दोरीने बांधलेला होता. कारेगावला ते एका कंपनीच्या गेटपाशी थांबले. त्यांचा जुना विद्यार्थी आत कामाला होता, त्याने ट्रेनिंग रूममधला ओव्हरहेड प्रोजेक्टर तीन दिवसांच्या बोलीवर मिळवून दिला. "कॉलेजचा आहे," सर म्हणाले, "पण त्याचा दिवा गेल्या वर्षी गेलाय." मग दिव्याबद्दलही माफी मागितली.

वाटेत मी सहज विचारलं, की कॉलेजात किती वर्षं झाली. नऊ, पण अजून तासिका तत्त्वावर, ते म्हणाले. म्हणजे दर जूनला नव्याने नेमणूक, आणि ती संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात. अध्यक्ष म्हणजे आप्पा. व्याख्यानमालेचे अध्यक्षही आप्पाच. "माणूस दिलदार आहे," सर म्हणाले आणि गिअर बदलला.

शिरूर

व्याख्यानमालेला आपल्याकडे 'पुष्प गुंफणे' म्हणतात. पहिलं पुष्प शिरूरला, दुसरं दौंडला. मी दोन्ही गुंफायची होती. शिरूरचं गुंफून झालं त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शाल मिळाली, नारळ मिळाला, माझा परिचय माझ्या भाषणाच्या निम्मा झाला आणि आभार उरलेल्या निम्म्याएवढे. लोक शांतपणे ऐकत होते. शांतपणा कंटाळ्याचा की कुतूहलाचा, हे व्यासपीठावरून कधीच कळत नाही.

माझी राहण्याची सोय रेस्ट हाऊसवर होती, पण तिथे पाणी नव्हतं, म्हणून मी मुलाणींच्या घरी गेले. त्यांच्या चार-पाच पिढ्या याच आळीत गेल्या. वडील शिवणकाम करायचे, ते वारले. आता घरात सर, त्यांची बायको आणि आई. आईला सगळे अम्मी म्हणतात, मीही म्हणू लागले. जेवायला बाजरीची भाकरी आणि काळ्या मसाल्याचं मटण होतं. माझ्या मुंबईच्या पोटाला झेपेल त्याच्या दुप्पट मी जेवले. आमच्याकडे पाहुण्याला "आणखी घ्या" असं दोनदा विचारतात आणि सोडून देतात. इथे विचारतच नाहीत, वाढतात.

अम्मी समोर बसून माझ्याकडे बघत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत.

"शब्बीर सांगतू, तुम्ही कायतरी हुडकताय म्हनं."

"हो, अम्मी."

"किती वरीस झालं?"

"या कामात आठ."

"सापडलं का न्हाई मग?"

"एकदा दिसलं होतं. पुन्हा नाही."

अम्मींनी माझ्या ताटात रस्सा ओतला. "दिसलं म्हंजी हाय. नसतं तर दिसलंच नसतं." मुलाणी सर म्हणाले, "अम्मी, तसं नसतं. डोळ्याला धोका होतो, यंत्राला पण होतो." त्यांनी नीट, पायरीपायरीने समजावलं, वर्गात समजावत असतील तसंच. अम्मींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांस्नी दिसलंय का तुला?" मी भाकरी मोडत राहिले. मला अम्मींचं म्हणणं चूक आहे हे ठाऊक होतं आणि बरंही वाटत होतं.

आप्पांच्या रानात

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी हुरड्याला बोलावलं. बोलावलं म्हणजे जीप पाठवली. आप्पा साठीचे, अंगाने भरलेले, पांढरी टोपी, कपाळावर आठी आणि आठीखाली हसू. दीडशे माणसांत बोलत असल्यासारखं एकट्याशी बोलायची सवय. ज्वारीचं रान, कडेला उसाचा पट्टा, मध्ये आगटी पेटलेली. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि कोवळे दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. पहिलं कणीस चोळताना माझा हात भाजला. आप्पांनी माझ्या हातातून कणीस काढून घेतलं आणि मला दह्याची वाटी दिली, म्हणजे मला कामावरून कमी केलं.

"काल तुमचं भाषान झ्याक झालं," ते म्हणाले. "कळलं न्हाई, पर झ्याक झालं."

मी म्हटलं, "काय कळलं नाही?"

"त्ये सापडलं का न्हाई, त्येच कळलं न्हाई. तासभर बोलला आन् शेवटाला म्हनला, परवा कळंल. परवाच का? मशीन तुमची, टकरी तुमच्या. बघून टाकायचं की."

तेव्हा मी त्यांना आमची पेटीची रीत सांगितली. आम्ही ज्या टकरींत तो कण असू शकेल, त्या टकरी पेटीत घालून ठेवतो आणि बघत नाही. खरी पेटी नव्हे, संगणकातली. आधी नियम ठरवायचे: कुठली टक्कर धरायची, कुठली सोडायची. ऊर्जेची तूट एवढी तरी हवी, अशी एक रेघ आखायची. तिच्या खालची तूट यंत्राच्या चुकीनेही येते, म्हणून ती धरायची नाही. सगळं ठरलं, सगळ्यांनी मान्य केलं, की मगच पेटी उघडायची. ती रेघ आमच्या गटात मी आखली होती.

मला वाटलं होतं, आणखी दोनदा सांगावं लागेल. आप्पांनी मांडीवर थाप मारली.

"आमची मतमोजणी हाय की ही! सोसायटीच्या इलेक्शनला शिक्का रेघंवर पडला तर मत धरायचं का बाद, ह्ये पेटी फोडायच्या आदी ठरवायचं. फोडल्यावर ठरवाय बसलात तर ज्येला त्येला आपलंच मत दिसतंय. खुर्च्या उडत्यात."

"अगदी तसंच."

"तुमच्यात उडत्यात का खुर्च्या?"

"ई-मेल उडतात."

आप्पा खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "आन् तुमचा उमेदवार कोन? आला पायजे का पडला पायजे?"

हा प्रश्न मला आठ वर्षांत कुणी इतका सरळ विचारला नव्हता. सहकारी असे प्रश्न विचारत नाहीत, आमच्यात ते असभ्य समजतात. आम्ही फक्त शोधतो, आमचा कुणी उमेदवार नाही, असं तोंडावर दाखवायचं असतं. मी म्हटलं, "यायला पाहिजे, आप्पा. फार यायला पाहिजे."

"मग उद्या आमी दौंडला येतो," आप्पा म्हणाले. "निकालाला मानूस एकटं नसावं."

न्हावरा ते वरवंड

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोन गाड्यांनी निघालो. पुढे आप्पांची जीप, मागे दोरी बांधलेल्या दरवाजाची ओम्नी. ओम्नीत सर, मी, मांडीवर प्रोजेक्टर आणि मागे अम्मी. अम्मींची मुलगी दौंडला रेल्वेच्या माणसाला दिलेली आहे, तिच्याकडे जायला त्यांना निमित्त हवं होतं. "आन् तुमचं काय हुतंय त्येबी बघती," त्या म्हणाल्या.

न्हावऱ्यापर्यंत रान कोरडं, ज्वारी आणि बाभळी. भीमा ओलांडली की चित्र बदलतं. दोन्हीकडे ऊस, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, रस्त्यावर सांडलेल्या कांड्या. हवेत भाजक्या गुळाचा वास. वरवंडला आप्पांच्या ओळखीचं गुऱ्हाळ होतं आणि आप्पांच्या ओळखीच्या ठिकाणी न थांबता पुढे जाता येत नाही. मोठ्या कढईत रस उकळत होता, उत्तर प्रदेशातल्या बदायूंकडचे कामगार लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढत होते. मला गरम गुळाचा गोळा पळसाच्या पानावर दिला. इतका चांगला गूळ मी पूर्वी खाल्ला नव्हता आणि मुंबईत जो खाते तो गूळ आहे की नाही, याची आता शंका आहे.

अपघात तिथेच झाला. आप्पांनी मला काकवीची बरणी भेट दिली. ती मी ओम्नीत पायाशी ठेवली. पायाशी माझ्या पारदर्शिकांची पिशवीही होती, म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायच्या प्लास्टिकच्या चित्रांची. पाटसच्या अलीकडे एका खड्ड्यात बरणीचं झाकण उडालं. दौंडला पिशवी उघडली तेव्हा सगळ्या पारदर्शिका एकमेकींना चिकटून एक जाड वडी झाली होती. सरांनी आपल्या बहिणीच्या घरी त्या नळाखाली धुतल्या. काकवी गेली, शाईही गेली. सरांनी माफी मागितली. या वेळी मी त्यांच्यावर ओरडले, की तुम्ही काकवी ठेवली नव्हती, मी ठेवली होती, उगाच काय माफी. ते म्हणाले, "सॉरी मॅडम."

दौंड

दौंड हे जंक्शन आहे. शिरूरला माणसं 'कुठल्या रानातले' विचारतात, इथे 'कुठल्या गाडीचे' विचारतात. स्टेशनबाहेर सगळ्या भाषा ऐकू येतात, इडलीच्या गाड्याशेजारी मिसळीचा गाडा असतो आणि इंजिनांच्या शिट्ट्यांमुळे कुणी बोलताना थांबत नाही, फक्त आवाज चढवतो. जुन्या रेल्वे बंगल्यांना अजून लाल कौलं आहेत. मला गाव आवडलं. थांबायची सक्ती नसलेली माणसं जिथे थांबतात, ती गावं मला आवडतात.

व्याख्यान संध्याकाळी होतं. आमच्या संध्याकाळी त्यांची सकाळ असते. अमेरिकेत पेटी सकाळी उघडायची होती, म्हणून व्याख्यानाआधी मी स्टेशनजवळच्या आयएसडी बूथवर गेले. मुलाणी सर बाहेर उभे राहिले. बूथच्या काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती.

मार्को उचलेल असं ठरलं होतं. मार्को माझा तिकडचा जोडीदार, इटलीचा, आठ वर्षं माझ्याबरोबर भांडलेला माणूस. त्याचा "हॅलो" ऐकला आणि मला कळलं.

"उघडली," तो म्हणाला. "रेघेच्या वर फक्त नेहमीचा कचरा. जेवढा आपण आधी वर्तवला होता तेवढाच. जास्तीची एकही नाही."

समोरच्या लाल आकड्यांचं मीटर पळत होतं.

"ऐक," तो म्हणाला. "रेघेच्या खाली दोन आहेत. अगदी खेटून. दोन प्रकाशकण, दुसऱ्या बाजूला तूट. तुझ्या त्या जुनीच्या बहिणी वाटाव्यात अशा. इथे दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात रेघ जराशी खाली घेऊ, कारणं देता येतील, 'संकेत मिळाला' एवढं तरी म्हणू. निम्मे म्हणतात नाही. रेघ तू आखलीस, तू सांगशील ते दोन्ही तट ऐकतील. दुपारच्या बैठकीआधी कळव."

मी म्हटलं, "तासा-दोन तासांनी फोन करते."

बाहेर येऊन मी सरांना सगळं सांगितलं. ते 'सॉरी' म्हणाले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मला वाईट वाटलं होतं. याहून चांगला शब्द शोधायचा मी बराच प्रयत्न केला, पण तेवढंच होतं: मला फार वाईट वाटलं होतं. आणि त्या वाईट वाटण्याच्या अगदी तळाशी त्या दोन, रेघेला खेटून उभ्या, मला बोलावत होत्या. रेघ खाली घ्यायची कारणं सभागृहापर्यंतच्या वाटेत मला तीन सुचली. तिन्ही बरी होती.

सभागृह शाळेचं होतं आणि भरलेलं होतं. आप्पा पहिल्या रांगेत, त्यांच्याबरोबर आलेली माणसं दुसऱ्या रांगेत. बायकांच्या बाजूला अम्मी आणि त्यांची मुलगी. शाल, नारळ, परिचय यथासांग झाले. मी उभी राहिले आणि वीज गेली. जनरेटर आला, पण त्याच्यावर दिवे आणि माइक एवढंच चालत होतं. प्रोजेक्टरचा प्रश्न असाही उरला नव्हता. मी चित्रांशिवाय बोलले. कण, जोडीदार, तूट, पेटी, रेघ. पेटीपाशी आल्यावर आप्पांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "मतमोजणीच हाय ही," आणि सभागृहाने माना हलवल्या.

"पेटी आज उघडली," मी म्हटलं. "आमचा उमेदवार आला नाही."

कुणीतरी मागून विचारलं, "एकबी मत न्हाई?"

तिथे मला 'नाही' म्हणून खाली बसता आलं असतं. पण माझ्या मनात दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे मी त्या दोघींबद्दल सांगून टाकलं. रेघेच्या खाली आहेत, खेटून आहेत, आणि धरायच्या की नाही हे मी अजून कळवायचं आहे, हेही सांगितलं.

आप्पा उठले. माइक मागावा लागत नाही, त्यांना कुणीही देतं.

"मॅडम, रेघ कुनी आखली?"

"मी. मग समितीने मंजूर केली."

"म्हंजी पोटनियम हाय. पोटनियम समिती करती, आन् बदलती कोन? सर्वसाधारण सभा. सभा समितीच्या वर आसती, ह्ये आमाला सहकारात पैल्या दिवशी शिकवत्यात. तुमची समिती तिकडं अमेरिकेत. सभा कुठं हाय?" त्यांनी दोन्ही हात पसरले. "ही हाय!"

सभागृहात हशा आणि टाळ्या. आप्पाही हसत होते, पण थांबत नव्हते. "ह्या बाईंनी आठ वरीस रान तुडवलंय. दोन मतं रेघंला टेकल्यात. मी ठराव मांडतो, की ती दोन धरावी. सूचक मी. अनुमोदन?"

"अनुमोदन!" चार-पाच ठिकाणांहून आवाज आला.

"बाजूनं हात वर!"

सगळे हात वर गेले. पहिली रांग, दुसरी रांग, रेल्वेची माणसं, शिरूरहून एसटीने आलेली सरांच्या कॉलेजची मुलं-मुली, दारात उभे असलेले, चहा घेऊन आलेला. गंमत होती, आणि नुसती गंमत नव्हती. या माणसांना माझ्या कणाशी काही देणंघेणं नव्हतं. मी हरू नये एवढंच त्यांना हवं होतं. इतके हात माझ्या बाजूने आयुष्यात कधी वर गेले नव्हते. ते मला फार आवडले. टेबलावर ठेवलेला माझा स्वतःचा हात मी दुसऱ्या हाताने दाबून धरला होता.

"इरोधात कोन?" आप्पांनी विचारलं. हा प्रश्न रिवाज म्हणून विचारतात. त्याला उत्तर द्यायचं नसतं.

व्यासपीठाच्या कडेला, बंद प्रोजेक्टरशेजारी, मुलाणी सरांनी हात वर केला.

हशा थांबला. जूनची नेमणूक कुणाच्या हातात आहे, हे त्या सभागृहात माझ्यापेक्षा बऱ्याच जणांना ठाऊक असावं. आप्पांनी टोपी मागे सारली. "सर? तुम्ही?"

"आप्पा," सरांचा आवाज बारीक झाला होता, "सोमवारी याच मुलांना मला शिकवायचंय. माप आधी ठरवायचं, मग मोजायचं, एवढं एकच मी त्यांना आजवर धड शिकवलंय. ते आज मोडलं तर सोमवारी मी फळ्यावर काय लिहू?"

आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. मला भीती वाटली, माझ्यासाठी नव्हे. मग आप्पांनी आपला वर केलेला हात बघितला, जणू दुसऱ्या कुणाचा असावा, आणि खाली घेतला.

"मास्तर म्हनतोय त्ये खरं हाय," ते म्हणाले. "माझ्या मोजणीत आसं कुनी केलं आसतं, तर टेबल मीच उलटं केलं आसतं." आणि ते खाली बसले.

आप्पांचा हात खाली गेला तशी पहिली रांग गेली, मग दुसरी, मग मागची. एक हात राहिला. बायकांच्या बाजूला, सुरकुतलेला.

"अम्मी," मुलाणी सर म्हणाले, "हात खाली घे."

"मी न्हाई घेत."

"अम्मी, सगळ्यांनी घेतला."

"घेऊंद्यात. तू तुजा वर केलास, मी काय म्हनले का? मी माजा केलाय. त्यांस्नी तवाबी दिसलं हुतं, आताबी कडंला येऊन हुबं हाय. हाय त्येला हाय म्हनाय काय हुतंय?"

लोक हसले. मला हसू आलं नाही. आठ वर्षं मी मनातल्या मनात जे म्हणत होते, ते ती बाई हात वर करून, भर सभेत, न लाजता म्हणत होती. मला रडू येत होतं आणि माइक माझ्या पुढ्यातच होता, म्हणून मी तो बंद केला आणि व्यासपीठावरून खाली उतरले.

"अम्मी," मी त्यांच्यापाशी जाऊन म्हटलं, "मलाही तसंच वाटतं."

"मग धरा की ती दोन."

"तसं वाटतं, म्हणूनच नाही धरता येत."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. हात तसाच वर होता. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू खाली आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. मग मागे उभ्या असलेल्या मुलाणी सरांना म्हटलं, "चला सर, बूथ बंद व्हायच्या आत 'नाही' म्हणून कळवून येऊ."